‘अजून आले नाय’चे दोन प्रयोग

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. दारात चाळिशीची एक बाई उभी होती. उन्हानं रापलेली, केसांत अबोलीचा गजरा, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं सुकी मासळी विकायला आली असेल. विरारच्या आमच्या सोसायटीत अशा बायका येतात. मी ‘आज नको’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “बाई, मी आठवी ब.”

नाव सांगायच्या आधी तिनं वर्ग सांगितला. आगाशीच्या वाटेवरच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. आठवी ब म्हटल्यावर मला एकही चेहरा आठवेना. ती आत आली, पण सोफ्यावर बसली नाही. डायनिंग टेबलाची खुर्ची ओढून तिच्या कडेला टेकली आणि पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली.

“तुमी बायकांची नाटकं करता ना? मी एक लिवलंय.”

निवृत्त झाल्यावर आम्ही चार मैत्रिणींनी ते काम सुरू केलं होतं. वर्षातून एक रविवार, वसईतल्या एका वाचनालयाचा हॉल, आणि बायकांनी लिहिलेली नवी नाटकं. नवी म्हणजे कुठंही न झालेली. शाळेच्या स्नेहसंमेलनांमध्ये मी इतकी वर्षं नाटकं बसवली, पण मुलींना द्यायला माझ्याकडे भूमिका असायच्या त्या आईच्या, सुनेच्या, नाहीतर दाराआडून बोलणाऱ्या कुणाच्या तरी. ते मला फार उशिरा बोचायला लागलं. म्हणून हा रविवार. आमच्यातली एक जण बँकेतून निवृत्त झालेली. तिला नाटक बसवायचं उत्तम अंग होतं. बाकी दोघी खुर्च्या, चहा, पत्रकं बघायच्या. आम्ही त्या दिवसाला सणच म्हणायचो. निर्मळहून टोपलीभर झेंडू यायचा, कुणी घरून खायला वसईकडचे तळलेले फुगे करून आणायचं, आणि हॉलच्या दाराला आम्ही स्वतः तोरण बांधायचो.

वही मी तिच्यासमोरच उघडली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाटकाचं नाव: ‘अजून आले नाय’.

ते अक्षर बघितलं आणि मला ती मुलगी आठवली. अर्नाळ्याची. मागच्या बाकावर बसायची, वर्गात बोलायची नाही, पण निबंध लांबलचक लिहायची. पाणीला पानी, कोणला कोन, आहेला हाय. तिच्या वहीत मी प्रत्येक ‘न’ला लाल गोल केला होता. एकदा पानभर गोलच गोल झाले, तेव्हा वर्गातल्या मुली हसल्या होत्या. नववीनंतर ती शाळेत आली नाही. का आली नाही हे मी विचारल्याचं मला आठवत नाही.

“तुझं लग्न कुठं झालं?” मी विचारलं.

“गावातच. खालच्या आळीत.”

तिचा नवरा बोटीवर जायचा. ती बंदरावर मासळी निवडायची, बोंबील वाळत टाकायची, आणि दुपारी घर निजलं की लिहायची. दोन वर्षं लिहीत होती.

मी ते नाटक एका बैठकीत वाचलं. एका कोळणीचा नवरा अकरा वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो आलाच नाही. बोटीवरचे बाकीचे वाचले, हा सापडला नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून ती विधवाही नाही. घरी कागदपत्रं घेऊन माणूस येतो, विचारतो, “नवरा कुठाय?” ती म्हणते, “अजून आले नाय.” हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावरून बायकांची जुंपते. कुणी म्हणतं मंगळसूत्र काढ, कुणी म्हणतं काढलंस तर त्याच्या जिवावर बेतेल. सगळे तिला मान देतात, कारण ती वाट बघते. आणि शेवटच्या प्रवेशात, मासळी निवडता निवडता, ती एका दुसऱ्या बाईला सांगते: “ते आले नाय तेच बरं झालं.” मग नवऱ्याचा मार, तापवलेला चिमटा, सगळं. अकरा वर्षं ती वाट बघत नव्हती. तो येईल या भीतीनं बसली होती.

मी वही मिटली आणि पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. इतक्या वर्षांत आमच्याकडे असं काही आलं नव्हतं.

“हे तुला सुचलं कसं?” मी दुसऱ्या भेटीत विचारलं.

तिनं पिशवीचा बंद नीट केला. “सुचलं,” म्हणाली.

मी पुढं विचारलं नाही. मला ते उत्तर पुरलं.

मग मी एक गोष्ट केली. नाटक टाईप करायला घेताना मी त्याची भाषा बदलली. सगळी नाही, असं मी स्वतःला समजावलं. थोडा लहेजा ठेवला, पण ‘नाय’चं ‘नाहीत’ केलं, ‘पानी’चं ‘पाणी’. नाटकाचं नावसुद्धा ‘अजून आले नाहीत’ झालं. टाईप केलेली प्रत मी तिला दिली. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

“बाई, आमच्यात बायका अशा बोलत नाय.”

“वसईच्या हॉलमध्ये सगळ्या प्रकारचे लोक येतात. देशावरचे, मुंबईहून आलेले. त्यांना कळायला हवं ना?”

“बरं,” ती म्हणाली. आठवीतही ती एवढंच म्हणायची.

पहिला प्रयोग म्हणजे अभिवाचनच होतं. नालासोपाऱ्याची एक नटी मुख्य भूमिका वाचत होती; तिचा आवाज सुंदर, शब्द स्वच्छ. हॉल भरला होता. शेवटचं वाक्य संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक म्हातारी बाई लेखिका कोण म्हणून विचारत, तिला शोधत मागच्या रांगेपर्यंत गेली, गळ्यात पडून रडली. आम्ही चौघींनी तिला पुढं आणलं, झेंडूचा हार घातला, फोटो काढले. माझ्या बँकवाल्या मैत्रिणीनं माईकवर सांगितलं की बाईच्या मनातलं असं वाक्य आजवर तिनं कुठल्याच रंगमंचावर ऐकलं नाही. ती हारासकट खाली बघत उभी होती.

तिला बसस्टॉपवर सोडायला मी गेले. “आवडलं ना?” मी विचारलं.

“छान झालं, बाई. पन ती कोनीतरी दुसरीच होती.”

तिनं तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. बस आली, ती चढली, खिडकीतून हात केला. मी घरी येऊन ती मूळ वही परत काढली आणि माझी प्रत शेजारी ठेवली. तिच्या वहीतली बाई बोलत होती. माझ्या प्रतीतली बाई निबंध म्हणत होती. तीस वर्षं मी जे केलं तेच मी पुन्हा केलं होतं, आणि या वेळी वर लोकांकडून टाळ्या मिळवल्या होत्या.

चूक दुरुस्त करायची या एकाच विचारानं मला पछाडलं. पुढच्या वर्षी नाटक तिच्याच बोलीत होईल, आणि हॉलमध्ये नाही, अर्नाळ्यातच होईल, आणि मुख्य भूमिका ती स्वतःच करेल. मी मैत्रिणींना सांगितलं, त्या तर नाचायच्याच बाकी राहिल्या. मग अर्नाळ्याला गेले. ती घरामागच्या मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील टाकत होती. मी सगळं सांगितलं.

ऐकता ऐकता तिचे हात थांबले. “गावात नको, बाई.”

“का? घरचे पुरुष रागावतील?”

“पुरुषांचं काय नाय. ते चार-चार दिस पान्यात असतात. पन घरात वयनी हाय, आय हाय...”

तिला पुढं काहीतरी सांगायचं होतं. मी ते ऐकून घेतलं नाही. मी बोलायला लागले. तुझं नाटक तुझ्या माणसांसमोर व्हायला नको? ज्यांच्यासाठी लिहिलंस त्यांनीच बघायचं नाही? बायकांनी घाबरून गप्प बसायचं, आणि तुझ्या नाटकात काय लिहिलंयस तू? मी चांगली दहा मिनिटं बोलले असेन. वर्गात उभं राहून बोलायची मला सवय आहे. मधेच एक बाई घरातून बाहेर आली, स्टीलच्या पेल्यातून चहा दिला, हसली आणि आत गेली. उंच, सडसडीत, गळ्यात मंगळसूत्र, केस करडे व्हायला लागलेले.

“ही कोण?”

“वयनी.” नात्यानं ती हिची थोरली जाऊ, पण नवऱ्याचं ऐकून हीसुद्धा वयनीच म्हणायची, आणि सासूला आय.

“आणि तिचा नवरा?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “बोटीवरून गेला तो मिळाला नाय,” ती हळूच म्हणाली.

नाटक कुठून आलं ते मला त्या क्षणी कळलं. पण मला वाटलं, घटना खरी आहे, बाकीचं कल्पनेतलं. लेखक असंच करतात, हे मी मुलींना शिकवत आले होते. उलट मला आनंद झाला. म्हटलं, त्या बाईला किती बरं वाटेल, आपलं दुःख कुणीतरी मांडलं म्हणून.

“मग तर व्हायलाच हवं,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली.

तालमी माझ्या घरी झाल्या. तिच्याबरोबर बंदरावरच्या दोन बायका होत्या, आणि कागदपत्रवाल्या माणसाचं काम माझी बँकवाली मैत्रीण पँट-शर्ट घालून करायची. ते दोन महिने मी खूप सुखात होते. त्या तिघी आल्या की घरभर माशांचा आणि अबोलीचा वास, आणि हसणं. ती तर ओळखू येत नव्हती. उभी राहायची, पदर खोचायची आणि बोलायला लागली की मी हातातली वही बघायचं विसरायचे. फक्त शेवटच्या प्रवेशाला ती अडायची. एकदा म्हणाली, “बाई, हे एक वाक्य काढूया का? ‘आले नाय तेच बरं झालं’ हे.”

“अगं, तेच तर नाटक आहे,” मी म्हणाले.

तारीख तिनंच ठरवली. मार्चमधला असा एक दिवस की बहुतेक बोटी बाहेर असतील. दुपारी चारची वेळ, गावातल्या एका शाळेचं पटांगण. आम्ही सकाळपासून तिथं होतो. झेंडूची तोरणं बांधली, बसायला सतरंज्या टाकल्या. साडेतीनपासून बायका यायला लागल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, निवडणीची कामं उरकून हात धुऊन आलेल्या. मला एवढी गर्दी अपेक्षित नव्हती. पहिल्याच रांगेत तिची वयनी बसली, आणि तिच्या शेजारी सासू. सासू ऐंशीची तरी असावी, ऐकू कमी येत होतं. वयनीनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, पायाखाली पिशवी दिली, पदरानं तिचं तोंड पुसलं. माझ्या जवळच बसल्या होत्या दोघी. मी पहिल्या रांगेच्या टोकाला, वही मांडीवर घेऊन. कुणी वाक्य विसरलं तर सांगायचं काम माझ्याकडे होतं.

नाटक सुरू झालं आणि पहिल्याच वाक्याला बायका हसल्या. विनोद नव्हता. आपली बोली अशी समोर, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं ऐकून त्यांना हसू आलं. मग कागदपत्रवाल्याच्या प्रवेशाला तर टाळ्याच. हळदीकुंकवाच्या भांडणात मागच्या बायका मधेच आपली मतं सांगायला लागल्या. वयनीही हसत होती, तोंडावर पदर धरून. सासू विचारायची, “काय बोलली?” आणि वयनी तिच्या कानाशी तोंड नेऊन वाक्य परत सांगायची. मी आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात सुंदर प्रयोग होता. हे मी आजही म्हणते, आणि म्हणताना मला वाईट वाटतं.

शेवटचा प्रवेश आला. ती मध्यभागी पाटावर बसली होती, पुढ्यात टोपली. वाक्याच्या आधीपर्यंत सगळं आलं, आणि ती थांबली. तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मला वाटलं, विसरली.

मी वही वर उचलली आणि सांगितलं, “ते आले नाय तेच बरं झालं.” तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला माझा आवाज. पटांगणातल्या निम्म्या बायकांनी तरी तो ऐकला असणार.

ती आणखी क्षणभर बघत राहिली. मग वाक्य बोलली. मग चिमट्याचं बोलली. शेवटपर्यंत बोलली.

पटांगणात आवाज बंद झाला. माझ्या शेजारी सासू विचारत होती, “काय बोलली ती? कोन नाय आलं ते बरं?” या वेळी कुणी तिच्या कानाशी तोंड नेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. वयनी उठली. तिनं म्हातारीच्या काखेत हात घालून तिला उठवलं, पायाखालची पिशवी उचलली, आणि दोघी सतरंजीच्या कडेकडेनं हळूहळू बाहेर गेल्या. वयनीच्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली, एक जुना लांबट डाग होता. तो मी तेव्हा पाहिला. माझ्याआधी पटांगणातल्या बायकांनी तो किती वर्षं पाहिला असेल.

टाळ्या झाल्या, पण थोड्या. बायका लवकर उठल्या. माझी मैत्रीण मला मिठी मारून म्हणाली, “बघितलंस काय परिणाम झाला? कुणाला बोलता येईना!” नाटक लिहिणारी अजून पाटावरच बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“बाई, वयनी गेली.”

“कुठं?”

“माहेरी. सातपाटीला.”

“कुणी काही बोललं का तिला?”

“वयनीला कोन काय नाय बोललं. आयनं रातीला शेजारनीला विचारलं, ते वाक्य काय ते. आय एवढंच बोलली, ‘तू इतकी वर्सं माझ्यासंगं वाट बघत बसलेली ना?’ वयनीनं उत्तर नाय दिलं. आयनं तिच्या हातचा चहा नाय घेतला. सकाळी वयनीनं कपडे भरले.”

“मी येऊ का?”

“नको, बाई.”

फोन ठेवायच्या आधी मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “लिवलं मी ना?” तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. तिनं दिला असता तर मला ते सोसलं असतं असं वाटतं.

आठवड्यानं मी सातपाटीला गेले. एकटी. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. वयनीच्या भावाचं घर बंदराजवळच होतं. ती ओट्यावर जाळ्याची फाटकी बाजू शिवत होती. मला बघून उठली, आत जाऊन पाणी आणलं, मग चहा. मी चहा पीत राहिले. शेवटी तीच म्हणाली, “नाटक चांगलं होतं. मी हसली पन.”

“तिच्यावर रागावू नका. गावात करायचा हट्ट माझा होता.”

“राग नाय.” तिनं सुई जाळ्यात खोचली. “तिनं खोटं नाय लिवलं. पन ते मी तिला दिलेलं. तिला एकटीला. तुमाला नव्हतं दिलेलं, गावाला नव्हतं दिलेलं.”

तिनं सुई परत उपसली आणि एक गाठ मारली.

“सगळी मला विचारतात, मग तू अकरा वर्सं बंदरावर कशाला जायची? रोज सांजेला आय नि मी जायची ना. ती पोराला बघायला जायची. मी तिला बघायला जायची. तिथं दगडात शेवाळ असतं, पडली असती म्हातारी.” मग जाळं बाजूला सारून म्हणाली, “मला तो नको होता, बाई. पन आय हवी होती. मला आई नाय. सासरी आल्यावर तीच होती. तो मारायचा तवा मधी तीच पडायची. दोन वेळा तिचा पन हात मोडला.”

हे नाटकात नव्हतं. ती वाट बघायची ते कुणासाठी, हे लिहिणारीला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून सुचलं नव्हतं, आणि मी तर विचारलंही नव्हतं. नवऱ्याच्या जाचातून सुटलेली बाई एवढंच आम्हांला दिसलं, त्याला आम्ही हार घातला. एका म्हातारीच्या मनात मुलगा परत येईल ही आशा जिवंत ठेवायला दुसरी बाई अकरा वर्षं तिचा हात धरून चालत होती, आणि ते सगळं आम्ही एका दुपारी संपवलं.

“मी आईंशी बोलून बघू का?” मी विचारलं.

“काय बोलनार? खोटं सांगनार?”

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुमी कशाला? तुमी बाई.” त्यातून तिला काय म्हणायचं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

सासू त्याच वर्षी श्रावणात गेली. नाटकानंतर ती कधी बंदरावर गेली नव्हती, म्हणे. खाटेवर बसायची, दाराकडे पाठ करून. दोनदा तिनं वयनीला बोलावून घ्या असं सांगितलं, आणि दोन्ही वेळा निरोप निघायच्या आधी नको म्हणाली. तिसऱ्यांदा सांगायच्या आधीच तिला ताप चढला.

मी पंधरा दिवसांनी भेटायला गेले तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं मला सगळं सांगितलं. सासू गेल्याचा निरोप मिळताच वयनी दोन-अडीच तासांत आली. आंघोळ घालायला घरातल्या बायका म्हणून या दोघीच पुढं झाल्या.

“पानी ती ओतायची, मी पुसायची,” ती म्हणाली. “आयच्या हाताला मोडलेलं ते हाड वर आलेलं हाय ना, तिथं आली नि वयनी थांबली. लई वेळ तिथंच पानी ओतत बसली.”

बाराव्याला वयनीनं मंगळसूत्र काढून सासूच्या फोटोपुढं ठेवलं. कुणी काढ म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. मग ती सातपाटीला परत गेली. आता तिथं बर्फाच्या कारखान्यात कामाला जाते असं ऐकलं. पुढं एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या. वयनीनं विचारलं, “बरी हाय ना?” ही म्हणाली, “बरी हाय.” तेवढ्यात वरात आली आणि बायका मधे आल्या.

आमचा रविवार चालू आहे. मी सोडायला निघाले होते, पण मैत्रिणींनी सोडू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सोडवलं नाही. दर वर्षी नव्या मुली येतात, धीट लिहितात. बायकांनी बोललंच पाहिजे यावर माझा विश्वास आजही तेवढाच आहे. गेल्या वर्षी एका मुलीनं स्वतःच्या आईवर नाटक आणलं. मी तिला विचारलं, “आईला वाचून दाखवलंस?” ती चमकली. म्हणाली, “मॅडम, तिची परवानगी घ्यायची म्हणजे पुन्हा तेच नाही का झालं?” तिचं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येईना. मी एवढंच म्हटलं, परवानगी नको घेऊस, आधी ऐकून घे. तिनं काय केलं मला माहीत नाही. नाटक झालं, छान झालं, टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या रांगेत कुणी तिच्या आईच्या वयाची बाई बसलीय का ते बघत राहिले.

या जानेवारीत मी अर्नाळ्याला गेले होते. ती घरामागं बोंबील उलटत होती. मीही पदर खोचून तिच्याबरोबर उलटायला लागले. तिनं नको म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “काही लिहितेस का?”

“नाय.”

“लिही गं. तुझ्यासारखं कुणी लिहीत नाही. तुझ्या मनाला येईल ते लिही, कुणाला दाखवू नकोस हवं तर. मलासुद्धा नको.”

ती हसली. हातातला बोंबील तिनं नीट सरळ केला.

“बाई, मी मनातलं कुठं लिवलेलं? बायका निवडायला बसल्या की बोलायच्या, ते मी ऐकायची. आता मी जाऊन बसली की त्या मासळीच्या भावाचं बोलतात.”

तिनं पुढच्या बांबूवरचे बोंबील उलटायला घेतले, मी तिच्यामागून गेले. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघींनी सगळी रांग उलटून संपवली.